बीपीची गोळी

अकरावी-बारावीला मी मानसशास्त्र घेतलं हे कळल्यावर फुफीनं पहिलं विचारलं, "म्हंजी येड्यांचं शिकिवत्यात का त्यात?" मी म्हटलं, "न्हाई, शाण्यांचं. ते जास्त अवघड असतं." फुफी म्हणजे अब्बांची थोरली बहीण. राहुरीला दिलेली आहे, पण तिचा सगळा जीव तिसगावात, आमच्या घरात आणि त्यातही माझ्या लग्नात अडकलेला. ती अब्बांकडे वळून म्हणाली, "भूगोल हुता की. भूगोलानं कधी कुणाचं वाईट झालंय का?" अब्बांनी मान हलवली. फुफीपुढे अब्बा नेहमी मानच हलवतात.

भूगोलावर माझा काही राग नाही. पण मला मानसशास्त्रच हवं होतं, आणि ते का हवं होतं हे फुफीला चांगलं माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तर तिला ते नको होतं.

आमचा गादी कारखाना आहे. कारखाना आपला बोर्डावर. प्रत्यक्षात एक पत्र्याचं शेड, कापूस पिंजायची एक मशीन, तयार गाद्यांची चळत आणि अब्बा. घर शेडला लागूनच आहे, त्यामुळे आमच्या डाळीतसुद्धा अधूनमधून कापूस निघतो. बाहेर आम्ही गावची मराठी बोलतो आणि घरात आमची हिंदी, पण खरं सांगायचं तर आमच्या घरातलं वाक्य हिंदीत सुरू होतं आणि मराठीत संपतं. म्हणून इथे सगळ्यांचं बोलणं मी मराठीतच सांगते आहे. कुणाची तक्रार असेल तर त्यांनी तिसगावला येऊन खरं कसं बोलतो ते ऐकून जावं.

सराव परीक्षा झाली आणि बोर्डाला दीडेक महिना उरला तेव्हा मी उजळणीला बसले. घरात एकच जागा शांत होती, ती म्हणजे दुपारी मशीन बंद असताना शेड. मी गाद्यांच्या चळतीवर चढून बसायची. खाली अम्मी गादीची खोळ शिवत असायची. तिनं एकदा दाभण कापडात खोचून ठेवलं, हात पुढे केला आणि म्हणाली, "आण ते पुस्तक. मी इचारते." अम्मी सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. ती बोट ठेवून सावकाश वाचायची, पण त्या बोटाखालून काही सुटायचं नाही. मी व्याख्या धडाधड म्हणून दाखवली की ती म्हणायची, "एक शब्द खाल्लास. परत म्हण." आमच्या कॉलेजच्या सरांनी वर्षभरात कधी माझा खाल्लेला शब्द पकडला नव्हता.

पहिल्याच दिवशी अभिजात अभिसंधान आलं. रशियातला शास्त्रज्ञ, त्याचा कुत्रा, घंटा आणि लाळ. घंटा वाजवून खायला द्यायचं, परत घंटा, परत खाणं, आणि मग एक दिवस नुसती घंटा वाजली तरी कुत्र्याच्या तोंडाला पाणी. अम्मीनं सगळं वाचलं आणि म्हणाली, "हे तर तुझ्या अब्बांचं झालं."

आणि खरंच होतं. माझ्या आजोबांचं कापूस पिंजायचं धनुष्य आमच्या शेडच्या भिंतीवर टांगलेलं आहे. मशीन यायच्या आधी अब्बांनी लहानपणापासून त्यावर काम केलं. तात, म्हणजे धनुष्याची दोरी, वाजली की कापूस उडायचा, कापूस उडाला की शिंक यायची. आता ते धनुष्य कुणी वापरत नाही. पण घरी पाहुण्यांची पोरं आली आणि कुणी गंमत म्हणून ती तात ओढून सोडली, तर शेडमध्ये कापसाचा तंतूही नसला तरी अब्बा शिंकतात. तातेचा आवाज हे उद्दीपक, शिंक हा अभिसंधित प्रतिसाद. मी अब्बांना हे समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "एवढी वर्सं शिंकतोय मी, माझ्यावर कुनी धडा न्हाई लिव्हला. कुत्र्यावर लिव्हला."

अम्मीच्या आधी मलाही ते सुचलं होतं, आणि सराव परीक्षेच्या पेपरात मी हेच उदाहरण लिहिलं होतं. सरांनी त्यावर लाल रेघ मारून मार्क कापले होते. मी पेपर घेऊन त्यांच्याकडे गेले. सर वाईट नव्हते, पण सगळ्या वर्गाला त्यांनी विषय असाच दिला होता की अपेक्षित प्रश्न पाठ करा, मुद्दे सोडू नका, पास व्हा. ते म्हणाले, "हे बघ, पुस्तकातलं उदाहरण लिहायचं. पेपर तपासणाऱ्याला तुझे अब्बा माहीत नाहीत."

मी म्हटलं, "कुत्रा तरी कुठं माहीत आहे, सर?"

वर्ग हसला. सरांनी मार्क काही वाढवले नाहीत. मी मनाशी ठरवलं की बोर्डातसुद्धा अब्बाच लिहायचे. माझ्या घरात घडलेलं शास्त्र खोटं आणि छापलेलं तेवढं खरं, हे मला मान्य नव्हतं, आजही नाही.

तर अशी आमची उजळणी चालली. अम्मीला एकेका शब्दाचा असा काही छंद लागला की स्वयंपाक करतानाही ती शेरे मारायची. विस्थापन म्हणजे एकावरचा राग दुसऱ्यावर काढणं. अब्बांवर गिऱ्हाईक खेकसलं की अब्बा शेळीवर खेकसायचे, आणि अम्मी चुलीपासून ओरडायची, "झालं बघा इस्थापन!" ऋण प्रबलन मात्र आम्हा दोघींना कळेना. सगळा वर्ग त्याला शिक्षा समजायचा. नकोशी गोष्ट थांबते म्हणून आपण एखादं वागणं पुन्हापुन्हा करतो, असं काहीसं पुस्तकात होतं. मी डोकं धरून बसले होते. तेवढ्यात अब्बांच्या मोबाईलवर फुफीचा फोन आला. अब्बा ऐकत राहिले, ऐकत राहिले, आणि शेवटी म्हणाले, "बरं, तू म्हनतीस तसं." फोन लगेच बंद झाला. अब्बांनी सुटकेचा श्वास सोडला. मी गादीवरून उडी मारली. हेच ते! फुफीची कटकट थांबावी म्हणून आपण हो म्हणतो, कटकट थांबते, आणि पुढच्या वेळी आपण आणखी लवकर हो म्हणतो. आमचं सगळं घर वर्षानुवर्षं ऋण प्रबलनावर चाललं होतं.

अब्बांनी विचारलं, "काय झालं उड्या मारायला?" मी म्हटलं, "काय न्हाई, तुमचं पाच मार्कांचं उदाहरण सापडलं."

त्या फोनवर अब्बांनी कशाला हो म्हटलं होतं, ते संध्याकाळी कळलं. राहुरीचं एक स्थळ मला बघायला येणार होतं. पण त्याच्याआधी मला बीपीच्या गोळीबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

मी आठवीत होते तेव्हा अम्मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली. कुणी वारलं नव्हतं, काही बुडालं नव्हतं, घरात भांडण नव्हतं. लोकांना कारण लागतं, आमच्याकडे देण्यासारखं कारण नव्हतं. तिनं केस विंचरणं सोडलं. भाकरी थापता थापता मध्येच थांबायची आणि तवा जळायचा. आधी ताईत झाला, मग पाणी फुंकून आणलं, मग एक हकीम झाला. शेवटी अब्बा तिला करंजीचा घाट उतरून नगरला मनाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी गोळी दिली आणि बजावलं की बरं वाटलं तरी मनानं बंद करायची नाही. काही आठवड्यांनी एका सकाळी अम्मीनं स्वतःहून माझी वेणी घातली. मी शाळेत जाईपर्यंत रडत होते. त्या गोळीचे उपकार मी विसरणार नाही.

पण गोळी रोज घ्यायची म्हणजे कुणीतरी बघणारच. फुफीनं तोडगा काढला. "इचारलं कुनी तर बीपीची हाय म्हनायचं. पोरीचं लगीन व्हायचंय." अब्बांनी मान हलवली, आणि त्या दिवसापासून अम्मीला बीपी झाला. बीपी इज्जतदार असतो. गावात ज्याला त्याला असतो, त्याच्यावर पारावर बसून बोलता येतं. डोक्याच्या गोळीवर बोलता येत नाही.

जिथं बीपीचंही सांगणं अवघड जाईल तिथं फुफी सांगायची, गोळ्या नेऊच नको. कोपरगावला चुलत भावाचं लग्न होतं, चार दिवस सगळ्या बायका एका खोलीत. फुफीनं अम्मीच्या पिशवीतून पाकीट काढून घरीच ठेवायला लावलं. आम्ही लग्नाहून आलो आणि काही दिवसांत अम्मी पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडली. परत उठायला पूर्ण उन्हाळा गेला. फुफी आली, उशाशी बसली, म्हणाली, "लग्नात तर चांगली हासत हुती." मला तेव्हा काही बोलता आलं नाही, कारण माझ्याकडे शब्द नव्हते. मानसशास्त्र मी त्यासाठी घेतलं. मला शब्द हवे होते.

मग अकरावीत असताना त्या खोट्या बीपीनं खरा दणका दिला. गावात तपासणीचं शिबिर होतं. शेजारच्या काकू अम्मीला हाताला धरून घेऊन गेल्या, मागोमाग अब्बाही. काकू मनानं फार चांगल्या, आणि त्यांना खरोखरचा बीपी. सिस्टरनं पट्टा बांधायच्या आधीच काकू म्हणाल्या, "भाभीला बीपी हाय बरं का. रोज गोळी असती त्यांला." सिस्टरनं मोजलं, तर एकदम व्यवस्थित. कुणीही म्हणेल तेच ती म्हणाली, "बघा, गोळी लागू पडतीये. कोणती गोळी आहे? कागद कुठाय?" अब्बा म्हणाले, "कागद भिजला." "गोळीचं नाव?" अब्बा म्हणाले, "पांढरी."

आता पांढऱ्या गोळीवर कोण काय बोलणार? शिबिराच्या डॉक्टरांनी बीपीची साधी गोळी लिहून दिली, फुकट मिळते म्हणाले, बाहेरून विकत घेऊ नका. अब्बांच्या मागे निम्मं गाव रांगेत उभं होतं. त्यांनी गोळ्या खिशात घातल्या. त्या तिथेच राहिल्या असत्या तर काही झालं नसतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी काकू स्वतःची गोळी घेऊन आमच्या दारात हजर. "आवं भाभी, चला, बरुबर घिऊ. मपली मी आनलीया संगं. एकटीला याद राहत न्हाई." रोज सकाळी दोघी ओट्यावर बसायच्या, एका तांब्यातून पाणी घ्यायच्या आणि गोळी गिळायच्या. अम्मीला बीपी नसताना बीपीची गोळी, तीही काकूंच्या मायेपोटी. त्या वेळेला मी कॉलेजला गेलेली असायचे, नाहीतर मी ते चालू दिलं नसतं.

एका सकाळी अम्मीला हौदाजवळ भोवळ आली आणि ती पडली. मनगट मोडलं. मी पाथर्डीच्या दवाखान्यात पोचले तेव्हा डॉक्टर पट्टा बांधत होते. त्यांनी चक्रावून विचारलं, "इतका लो? काय काय गोळ्या चालू आहेत?" काकू शेजारी उभ्या होत्या; ओट्यावरच्या गोळीचं त्यांनीच मला नुकतं सांगितलं होतं. अब्बा म्हणाले, "बीपीची." बायको पलंगावर पांढरीफटक पडलेली, हात सुजलेला, आणि हा माणूस अजून म्हणतोय बीपीची!

मी म्हटलं, "डॉक्टर, हिला बीपी नाहीच. हिला डिप्रेशन आहे. गोळी त्याची चालू आहे, आणि लोकांना बीपी सांगितल्यामुळे आता बीपीचीही चालू आहे." डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. अब्बांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चोरी केली आहे. काकूंनी पदर तोंडाला लावला. "आगं बया! मग सांगायचं की मला! मी काय परकी हाय व्हय?" त्या तिथेच रडायला लागल्या. नंतर त्या ही गोष्ट गावात कुठं बोलल्या नाहीत, हे मी मुद्दाम सांगते. बाहेर मात्र बीपी तसाच चालू राहिला. अब्बांनी पडलेल्या अम्मीला उचललं, पण पडायला लावणारी गोष्ट काही उचलून टाकली नाही. मला त्यांचा फार राग आला होता.

आता पुन्हा उजळणीकडे येते. स्थळाचा निरोप आला त्याच आठवड्यात आमचा मानसिक विकृतींचा धडा निघाला. मी तो टाळत होते. अम्मीच्या हातात ते पान द्यायला मला जड जात होतं. पण तिनं अनुक्रमणिका बघितली आणि म्हणाली, "ह्यो एक राहिला." तिनं बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. अवसादाची, म्हणजे डिप्रेशनची, लक्षणं. झोप बिघडणं, भूक बिघडणं, आवडत्या गोष्टीत मन न लागणं, आपण कुणाच्याच कामाचे नाही असं वाटणं. वाचता वाचता तिचा आवाज बारीक झाला. ती थांबली. मी वर चळतीवर तशीच बसून राहिले.

"हे कुनी लिव्हलं?" तिनं विचारलं.

"पुस्तक मंडळानं."

"मला इचारून लिव्हल्यासारखं हाय." तिनं पुस्तक उलटून मागचं-पुढचं कव्हर बघितलं. मग म्हणाली, "ही पुस्तकं समद्या महाराष्ट्रात जात्यात ना?"

"जातात की."

"मग लई जणांला होत असंल. एकट्यासाठी कुनी धडा देत न्हाई."

एवढं बोलून तिनं मला प्रश्न विचारला, लक्षणं सांग. मी सांगितली. दोन लक्षणं मागंपुढं झाली. तिनं दोन्ही दुरुस्त केली.

स्थळ यायच्या आदल्या दिवशी फुफी आली. तिनं येतानाच सगळं ठरवून आणलं होतं. मी काय नेसायचं, काय बोलायचं, आणि विषय विचारला तर भूगोल सांगायचा. मग ती अम्मीकडे वळली. "आन् ती गोळी उद्या नगं. जेवल्यावर तुला घ्यायची असती, त्या टायमाला पाव्हनं बसलेलं असत्यात. मुलाची आई लई बारीक नजरंची हाय. गोळी बघितली की नाव इचारील, नाव मोबाईलवर टाकील. मग झालं."

मी म्हटलं, "गोळी बंद करायची न्हाई. स्थळ बंद करा."

"एक दिसानं काय हुतंय?"

"कोपरगावला काय झालं ते इसरलीस का? एका दिवसाचं बोलत बोलतच चार दिवस केलेत तुमी. उद्या स्थळ येणार, परवा पसंती येणार, मग साखरपुडा, मग मेहंदी, मग लग्न. अम्मीनं गोळी घ्यायची कधी? मी सासरी गेल्यावर? का मेल्यावर?"

फुफीनं कपाळाला हात लावला. "बघा, पुस्तकं वाचून जीभ कशी झालीया." अब्बा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बेटा, तेवढा एक दिवस." आणि सगळ्यात वाईट म्हणजे अम्मी म्हणाली, "जाऊ दे गं. मी न्हाई घेत उद्या." मला तिचाही राग आला. घरातल्या सगळ्यांनी मिळून एका बाईला आजारी पाडायचं, आणि त्या बाईनंच आधी हो म्हणायचं! मी म्हटलं, "ह्याला काय म्हनत्यात, अम्मी? तूच इचारलं होतंस मला." तिनं खोळ शिवायला घेतली. पण तिला माहीत होतं की मी ऋण प्रबलनाबद्दल बोलते आहे, आणि फुफीला ते माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे आले. मुलगा, त्याची आई, त्याचा मामू आणि एक वहिनी. हार्डवेअरचं दुकान होतं त्यांचं. मुलगा दिसायला बरा होता आणि एकदाही मान वर न करता जेवला. जेवणं झाल्यावर त्याच्या आईनं मला जवळ बसवून विचारलं, "कोनते इषय हायेत बारावीला?"

"मानसशास्त्र," मी म्हटलं.

"आन् भूगोल," फुफी मागून म्हणाली.

"भूगोल न्हाई."

मुलाच्या आईनं भुवया वर केल्या. "त्यात काय शिकिवत्यात?" मी म्हटलं, "माणसं अशी का वागत्यात ते." मामू हसला, म्हणाला, "मग आमी कसं वागतो ते सांगा बरं." त्याला वाटलं मी लाजेन. मी म्हटलं, "तुमी जेवताना तीनदा इचारलं की घर स्वतःचं हाय का, तेवढ्यावरून सांगायला मला लई शास्त्र लागणार न्हाई." वहिनीला हसू आलं आणि तिनं ते ओढणीत दाबलं. फुफीनं मला मागून चिमटा काढला. मला अजिबात वाईट वाटलं नाही.

तेवढ्यात अम्मी आतून आली. ती सगळ्यांना पान-सुपारी देईल म्हणून फुफी तबक पुढे करत होती. अम्मीनं तबक घेतलं नाही. ती माझ्या शेजारी खाली बसली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बेटा, माझी गोळी आन. आन् पानी."

फुफी घाईनं म्हणाली, "बीपीची. बीपी हाय तिला, जुनाच."

"बीपी न्हाई मला," अम्मी म्हणाली. "डिप्रेशन हाय. मनाचा आजार असतोय तो. नगरच्या डॉक्टरची गोळी चालू हाय. बंद केली की मी पडून ऱ्हाते. तुमाला पोरगी बघायचीय, तर आई पन बघून घ्या."

मी गोळी आणायला उठले. मी पाकिटातून गोळी काढून तिच्या हातावर ठेवली. सगळी खोली बघत होती. मुलानं पहिल्यांदा मान वर केली. अम्मीनं गोळी गिळली, वर अख्खा ग्लास पाणी प्यायली.

मुलाची आई सावरून बसली. "आमच्यात असलं काय न्हाई बाई कुनाला."

अम्मीनं ग्लास खाली ठेवला. "असंल," ती म्हणाली. "सांगत नसतील."

पाहुणे चहाला थांबले नाहीत. जाताना मामूनं अब्बांना सलाम केला, तो घाईचा. फुफी दारातूनच रडत आत आली. "पोरीचं वाटोळं केलंस! आता राहुरीपातूर बोभाटा हुईल." अम्मीचा चेहरा आता उतरला होता. मघाचं बळ सरलं होतं. तिनं मला विचारलं, "तुजं काय हुईल गं?" मी तिला मिठी मारली आणि म्हटलं, "माजं बारावी हुईल. तू काळजी करू नको." मला इतका आनंद झाला होता की स्थळ मोडलेल्या घरात असा आनंद दाखवणं बरं दिसत नाही हेही माझ्या लक्षात राहिलं नाही. मी हसत होते आणि फुफी मला बघून आणखी रडत होती.

अब्बा मात्र एक शब्द बोलले नव्हते. जेवणापासून ते खाली बघत बसले होते, पाहुणे गेल्यावर उठून सरळ शेडमध्ये गेले. मला वाटलं, आता रागावतील. अम्मीवर रागावले तर मी काय बोलायचं ते मनात जुळवत मी त्यांच्या मागे गेले.

शेडमध्ये नाक्यावरचा हॉटेलवाला आलेला होता. गादी सांगायला आला होता, पण पाहुण्यांची गाडी त्यानं परत जाताना बघितली होती आणि त्याला आधी ती बातमी हवी होती. "पाव्हनं लवकर गेलं? वहिनींचं बीपी वाढलं का काय?"

मी दारातच थांबले. अब्बांनी मशीनचं बटण दाबायला हात नेला होता, तो तसाच राहिला. किती वर्षं ते ह्या प्रश्नाला मान हलवत आले होते, ते मला माहीत होतं. त्यांनी हात खाली घेतला.

"बीपी न्हाई तिला," अब्बा म्हणाले. आवाज जरा जास्तच मोठा होता, शेडबाहेर रस्त्यावर जाईल एवढा. "कधीच नव्हतं. तिला डिप्रेशन हाय. मीच समद्यांला खोटं सांगत हुतो. नगरच्या डॉक्टरची गोळी चालू हाय, आन् ती आता कुनासाठी बंद हुनार न्हाई. तुमची गादी तीन बाय सहा का चार बाय सहा?"

हॉटेलवाल्यानं माझ्याकडे बघितलं, मग अब्बांकडे.

"चार बाय सहा," तो कसाबसा म्हणाला, आणि अब्बांनी मशीन चालू केली.